इसार

आम्ही म्हणजे आम्ही दोघे. एक उर्दू माध्यमाच्या हायस्कुलात शिकवणारा बी.एड. मास्तर आणि दुसरा त्याचा मेहुणा, आठ वर्षे कतारमध्ये एसी दुरुस्त करून २०१७ मध्ये गावी परतलेला. हे लिहिणारा हात मास्तराचा आहे. पण जे केले ते दोघांनी मिळून केले, आणि त्याचे पैसेही दोघांनी वाटून घेतले. म्हणून इथे 'मी' लिहायला मन घेत नाही.

आमचे गाव दक्षिण रायगडात, म्हसळा आणि श्रीवर्धनच्या मधल्या पट्ट्यात. माड, पोफळी, खाडी आणि कुलपे. कुलपे म्हणायचे कारण, मोहल्ल्यातले दर तिसरे घर बंद आहे. कुणी मुंब्र्याला, कुणी कुर्ल्याला, कुणी कुवेत-दोह्याला, कुणाचे आजोबा आफ्रिकेला गेले ते तिकडचेच झाले. मागे राहिली वाडी, विहीर आणि सातबाऱ्यावर मेलेल्या माणसांची नावे.

मास्तर तेव्हा विनाअनुदानित तुकडीवर होता. पगार महिना सात हजार, तोही दोन-तीन महिन्यांनी एकदा. मेहुण्याच्या हातात बचत होती, काम नव्हते. दोह्यात असताना रात्री खोलीवर पडल्या पडल्या तो मोबाइलवर अमेरिकेतल्या लोकांची भाषणे ऐकायचा. तिथे घरांच्या धंद्यात 'होलसेलर' नावाची एक जमात आहे. तो माणूस घर विकत घेत नाही. ज्याला घाईने विकायचे आहे असा मालक तो शोधतो, त्याच्याशी कमी भावात करार करतो, आणि कराराची मुदत संपायच्या आत तो करारच दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या नावे करून देतो. मधला फरक त्याचा. दुरुस्त केल्यावर घराची जी किंमत येईल तिचे ७० टक्के धरायचे, त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करायचा, आणि त्याच्या वर मालकाला बोली द्यायची नाही, असा त्यांचा ठोकताळा.

सगळी विद्या मात्र मालक शोधण्यात. ज्याचे आईबाप वारले आहेत, ज्याचा तलाक चालू आहे, ज्याचा घरावरचा कर थकला आहे, ज्याच्या घरावर बँकेची जप्ती येऊ घातली आहे, ज्याच्या अंगणात गवत गुडघाभर वाढले आहे. अशांच्या याद्या तिकडे सरकारी कचेरीतून मिळतात. मग त्यांना पत्रे जातात. पिवळ्या रेघी कागदावर, हाताने लिहिलेली, म्हणजे मालकाला वाटावे की कुणी शेजाऱ्यानेच लिहिले आहे. रस्त्याच्या खांबांवर पाट्या लागतात : आम्ही घरे विकत घेतो, रोख.

मेहुणा म्हणाला, "भाई, याला आपल्याकडे काय म्हणतात?"

आम्ही म्हणालो, "गरजवंताला अक्कल नसते, असं म्हणतात."

तेव्हा आम्ही दोघे हसलो होतो.

आम्ही धंदा सुरू केला तो असा. अमेरिकेतल्या पाट्या आमच्याकडे चालत नाहीत. आमच्याकडे मशिदीचा भोंगा आहे. मय्यतीचा ऐलान झाला की मेहुणा वहीत नाव लिही. चाळीसावा झाला की वारसांना फोन. ग्रामपंचायतीच्या फलकावर घरपट्टीच्या थकबाकीची यादी लागली की तिचा फोटो. रविवारी मोटारसायकलवर गावोगाव फेरी : कुठल्या घराची कौले उतरली आहेत, कुठल्या वाडीत पडलेल्या झावळ्या कुणी उचललेल्या नाहीत. गट नंबर मिळाला की सातबारा काढायला तलाठ्याकडे जावे लागत नाही. २०१८ पासून डिजिटल सहीचा उतारा पंधरा रुपयांत घरबसल्या निघतो. त्यावर मालकाचे नाव, बाजूला इतर हक्कांत सोसायटीचा बोजा. बोजा दिसला की मेहुण्याचे डोळे चमकत.

आणि पत्रे. ते काम मास्तराचे. त्याचे उर्दू अक्षर चांगले आहे, शाळेतले सगळे समारंभाचे फलक त्याच्याच हातचे. मुंब्र्याच्या, कुर्ल्याच्या पत्त्यांवर आम्ही उर्दूत, शाईच्या पेनाने पत्रे लिहिली. 'आपल्या वालिदांची वाडी आम्ही काल पाहिली. विहिरीला अजून पाणी आहे. उत्तरेचा गडगा ढासळला आहे...' इथपर्यंत खरे असायचे. पुढे 'योग्य मोबदला' असे दोन शब्द असायचे, त्यांची जबाबदारी आम्ही घेत नव्हतो.

एक म्हातारे गृहस्थ ते पत्र खिशात घालून मुंब्र्याहून एसटीने आले. म्हणाले, "वीस वर्षांत मला उर्दूत खत कुणी लिहिलं नाही." त्यांनी त्याच दिवशी इसार घेतला. भाव विचारला नाही.

इसाराविषयी थोडे सांगायला हवे. व्यवहार ठरला की स्टॅम्पपेपरवर इसार पावती होते. तेव्हा शंभराचा स्टॅम्प चाले, ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा लागतो. थोडी रक्कम द्यायची, मुदत ठरवायची, आणि मुदतीच्या आत बाकी देऊन खरेदीखत करायचे. पावतीत 'लिहून घेणार किंवा ते सांगतील त्यांच्या नावे' असे चार शब्द घातले की आमचे काम झाले. मुदतीत आम्ही मुंबई-पुण्याची पार्टी शोधायचो. शेतजमीन असेल तर घेणारा शेतकरी लागतो, म्हणून आधी त्याचा दाखला बघायचा. आमचे अडकलेले पैसे एकवीस हजार, एकतीस हजार. वरचे मिळायचे ते लाखात.

मराठीत हा शब्द इसार. आमच्या उर्दूत ईसार म्हणजे स्वतःच्या आधी दुसऱ्याला ठेवणे, आपल्या तोंडचा घास दुसऱ्याला देणे. नववीच्या वर्गात मास्तर हा शब्द समजावून सांगायचा आणि शाळा सुटल्यावर दुसऱ्या इसाराच्या पावत्या लिहायचा. दोन शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही, असे आम्ही स्वतःला सांगत असू. भाषेच्या बाबतीत ते कदाचित खरेही असेल.

३ जून २०२० ला 'निसर्ग' चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आले. दुपारभर घरांवरचे पत्रे उडत होते. संध्याकाळी वारा पडला तेव्हा श्रीवर्धनपासून आमच्यापर्यंत वाड्यांमध्ये आभाळ दिसायला लागले होते. आमच्या वाडीत कधी आभाळ दिसत नाही, पोफळींची सावली असते. पोफळ लावल्यापासून सुपारी हाती यायला सहा-सात वर्षे लागतात, माडालाही जवळजवळ तेवढीच. म्हणजे त्या एका दुपारी माणसांचे पुढचे सात वर्षांचे उत्पन्न आडवे झाले. सरकारने आधी हेक्टरी ५० हजार जाहीर केले. हेक्टर म्हणजे जवळजवळ शंभर गुंठे, आणि आमच्याकडे वाड्या दहा-पंधरा गुंठ्यांच्या. दहा गुंठ्यांना पाच हजार. पडलेली झाडे कापून बाहेर काढायची मजुरी त्याहून जास्त होती. पुढे झाडामागे मदत ठरली, पण तोवर पुष्कळांचा धीर सुटला होता.

मेहुणा म्हणाला, "आता याद्या करायची गरज नाही. सगळं गावच यादीत आलं."

त्या वर्षी २३ नोव्हेंबरला नववी ते बारावीचे वर्ग पुन्हा सुरू झाले. नववीतली एक हुशार मुलगी आठवडा झाला तरी आली नाही. हजेरीपटावर तिच्या नावापुढे ओळीने 'गै' पडत होते. मास्तर चौकशीला घरी गेला. हे मास्तराचे कर्तव्यच होते, आणि जाताना मनात दुसरे काही नव्हते. मुलीचा बाप वर्षभरापूर्वी वारला होता. घरावर ताडपत्री होती. मोठ्या बहिणीचा निकाह फेब्रुवारीत ठरलेला. दुकानदाराची उधारी, बचत गटाचे हप्ते. मुलगी ओट्यावर सुपारीच्या ओंडक्यांच्या ढिगाजवळ बसली होती. भाबी पडद्याआडून म्हणाल्या, "मास्तर, वाडी विकून टाकावी म्हणते. मेहेरात मिळालेली आहे, माझ्याच नावावर आहे. कुणाची सही लागायची नाही."

मास्तराने मुलीला शाळेत यायला सांगितले, पाणी प्याला आणि घरी आला. रात्री जेवताना त्याने मेहुण्याला सांगितले : अकरा गुंठे, स्वतंत्र सातबारा, एकच नाव, बोजा नाही, फेब्रुवारीच्या आत पैसे हवेत.

आम्ही जे कबूल करायला बसलो आहोत ते एवढेच आहे. बाकीचे सगळे यातूनच पुढे झाले. हजेरीपट ही आमच्या गावातली गरजूंची सर्वांत खरी यादी आहे. कुणाची फी थकली, कुणाचा बाप परतला, कुणाची आई आजारी, कोण न जेवता येते, ते मास्तराला तलाठ्याच्या आधी कळते. ती यादी त्याच्या हातात दिलेली असते ती दुसऱ्या कामासाठी.

५ डिसेंबरला एकवीस हजारांचा इसार झाला. भाव गुंठ्याला चाळीस हजार, एकूण ४ लाख ४० हजार. भाबींनी विचारले, "हा भाव बरोबर आहे ना, मास्तर?" मास्तर म्हणाला, "सध्या तुफानानंतर मार्केट पडलंय, भाबी." हे पूर्ण खोटे नव्हते. मेहुण्याच्या फोनमध्ये त्या वेळी पुण्याच्या एका पार्टीचा निरोप होता : पासष्ट हजार द्यायला तयार.

२१ जानेवारी २०२१ ला तालुक्याला दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात खरेदीखत झाले. भाबी बुरख्यात, बाकावर अंग चोरून बसलेल्या. बरोबर मुलगी. दस्तात तीन पक्ष होते : लिहून देणार भाबी, लिहून घेणार पुण्याचे गृहस्थ, आणि मान्यता देणार आम्ही. ऑपरेटरने तपासायला छापील प्रत काढली आणि ती सगळ्यांत जवळ होती तिच्या हातात दिली. ती मुलगी होती.

शाळेत मराठीची जागा रिकामी असल्याने मराठीचा तासही मास्तराकडेच होता. अर्ज कसा लिहायचा, पावती कशी लिहायची, अंकातली रक्कम अक्षरांशी ताडून कशी पाहायची, हे तिला त्यानेच शिकवले होते. ती बोट ठेवून वाचू लागली. मग मान वर करून म्हणाली,

"सर, इथं सात लाख पंधरा हजार लिहिलंय."

आवाजात तक्रार नव्हती. वर्गात फळ्यावरची चूक दाखवताना ती जशी बोलायची, तशीच ती बोलली.

मेहुणा पुढे झाला. त्याने समजावले की चार चाळीस तुमचे ठरलेले, वरचे दोन पंच्याहत्तर आमचे. आम्ही गिऱ्हाईक आणले, धावपळ केली, पैसे अडकवले. पुण्याचे गृहस्थ भिंतीवरच्या फलकाकडे बघत राहिले. भाबी थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तुम्ही शिकलेले. हिसाब बरोबरच असेल." आणि मशिनवर अंगठा ठेवला.

निकाह झाला. मार्चमध्ये ते लोक मुंब्र्याला गेले. मुलीचा दाखला नेण्यासाठी तिचा मामू आला होता. मास्तराने दाखल्यावर 'वर्तणूक : उत्तम' असे लिहिले.

त्यानंतर आमच्या दोघांत वर्षभर जो वाद चालला तो इथे प्रामाणिकपणे मांडला पाहिजे, कारण मेहुण्याची बाजू अगदीच पोकळ नाही. तो म्हणायचा, "आपण नसतो तर तिला पुण्याची पार्टी मिळाली असती का? गावातल्या दुकानदाराने उधारीपोटी तीस हजारांनी मागितली होती. आपण चाळीस दिले. फेब्रुवारीच्या आत दिले. कोणाला फसवलं?" हे खरे होते. गरजवंताला भाव लागतो तसा वेळही लागतो, आणि वेळ आम्ही दिला होता.

मास्तराकडे उत्तर नव्हते. ते सापडले ते दीनियातच्या एका जुन्या किताबात, मुलांसाठी व्यापाराच्या आदाबाचा धडा काढताना. बाहेरगावाहून माल घेऊन येणारा काफिला बाजारात पोहोचण्याआधी वाटेतच गाठू नका, अशी हुजूरांची मनाई हदीसमध्ये आहे. आणि कुणी गाठून माल घेतलाच, तर मालवाला बाजारात पोहोचल्यावर त्याला सौदा मोडायची मुभा आहे. वाटेत गाठणाऱ्याने खोटे बोललेच पाहिजे असे नाही. वजनात मारले पाहिजे असेही नाही. तो फक्त मालवाल्याला भाव कळायच्या आधी भेटतो. फिक्हवाल्यांनी याला तलक्की असे नावच दिले आहे.

आम्ही तो धडा मेहुण्याला वाचून दाखवला. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे चौदाशे वर्षांपूर्वीसुद्धा होलसेलर होते."

पुढे त्यानेच शोधून सांगितले की खुद्द अमेरिकेतही या धंद्याला आता वेसण पडू लागली आहे. इलिनॉय राज्याने २०१९ मध्ये असे व्यवहार वारंवार करणाऱ्याला दलालीचा परवाना सक्तीचा केला. ओक्लाहोमाने २०२१ मध्ये लुबाडणाऱ्या होलसेलरांविरुद्ध कायदाच केला. पेनसिल्व्हेनियात जानेवारी २०२५ पासून विकणाऱ्याला करार मोडायला तीस दिवसांची मुदत आहे. बाजारात पोहोचल्यावर सौदा मोडायची मुभा म्हणजे दुसरे काय आहे? आपल्याकडे रेरा २०१७ पासून आहे, पण तो बिल्डरांच्या नोंदणीकृत प्रकल्पांतल्या एजंटांसाठी. पोफळीच्या वाडीत एकवीस हजार घेऊन उभा असलेल्या माणसाला तो विचारत नाही.

म्हणून या अंकाच्या वाचकांपैकी ज्यांची गावी बंद घरे, बंद वाड्या आहेत त्यांना आम्ही, धंद्यातली माणसे म्हणून, काही सांगतो. आमच्यासारख्याचे पत्र आले तर उत्तर देण्याआधी शेजारच्या गटांची दोन-तीन वर्षांतली सूची क्रमांक दोन काढा. त्यात कोणी कितीला विकले ते नोंदवलेले असते. रेडी रेकनरचा दर हा मुद्रांकासाठी असतो, त्याला बाजारभाव समजू नका. इसार पावतीत 'ते सांगतील त्यांच्या नावे' हे शब्द दिसले तर समजा की समोरचा घेणारा नाही. मुदत लिहून घ्या, आणि मुदत टळली तर काय, तेही लिहून घ्या. कुलमुखत्यारपत्र देऊ नका. नुसत्या साठेखताने मालकी जात नाही, हे १८८२ च्या कायद्यापासून ठरलेले आहे, आणि कुलमुखत्यारपत्रावरच्या विक्रीने मालकी मिळत नाही असे सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये स्पष्ट सांगितले आहे. पण एकदा अशा कागदावर सही झाली की वाद तुमच्या दाराशी येतो आणि वकील मुंबईत लागतो. आणि बहिणींना विचारल्याशिवाय व्यवहार करू नका. त्यांचा हिस्सा आहे. आमच्या वहीतले अर्धे व्यवहार भावांनी बहिणींना न सांगता ठरवलेले होते, आणि ते आम्हाला सोपे जात.

२०२२ पासून आम्ही धंदा बदलला आहे, सोडलेला नाही. आता इसार आमच्या नावे होत नाही. विकणारा आणि घेणारा समोरासमोर बसतात, भाव दोघांना माहीत असतो, दोन्हीकडून दोन-दोन टक्के घेतो. मय्यतीची वही बंद केली. हजेरीपट शाळेतच राहतो. मिळकत निम्म्याहून कमी झाली. मेहुण्याने श्रीवर्धनला एसीच्या दुरुस्तीचे दुकान टाकले आहे, कारण आता पर्यटकांसाठी खोल्या झाल्या आहेत. मास्तराच्या तुकडीला थोडे अनुदान सुरू झाले.

नव्या नियमाने हिशेब केला तर भाबींच्या व्यवहारात आमची दलाली होते २८ हजार ६००. म्हणजे २ लाख ४६ हजार ४०० रुपये आमच्याकडे जास्त आले. ते पैसे मेहुण्याच्या घराच्या स्लॅबमध्ये आणि मास्तराच्या बी.एड.साठी काढलेल्या कर्जात गेलेले होते. २०२३ च्या ईदनंतर आम्ही ४० हजार घेऊन मुंब्र्याला गेलो. त्यानंतर दोनदा पस्तीस-पस्तीस. तिसऱ्या खेपेला एकूण १ लाख १० हजार झाले.

भाबींनी पहिल्यांदा पैसे घेतले नाहीत. म्हणाल्या, "सौदा झाला तो झाला." मुलगी तोवर बारावीला होती. तिने ऐकून घेतले, आत जाऊन वही आणली, पान फाडले आणि पावती लिहायला बसली. तारीख घातली, रक्कम अंकात आणि अक्षरात लिहिली. मग 'कशाबद्दल' या जागी थांबली.

"सर, इथं काय लिहू?"

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. मदत म्हणावे तर तो दुसरा अपमान होता. परतफेड म्हणावे तर कर्ज कोणी दिले होते? मेहुणा म्हणाला, "काही लिहू नकोस बेटी, पावतीच नको." ती म्हणाली, "सरांनी शिकवलंय, पैसे घेतले तर पावती द्यायची."

थोडा विचार करून तिने लिहिले : वाडीचे राहिलेले पैसे.

ती पावती आणि नंतरच्या दोन, आमच्याकडे आहेत. तिन्हींवर तेच शब्द आहेत. अजून १ लाख ३६ हजार ४०० राहिले आहेत.

पत्रे मास्तर अजून लिहितो, उर्दूत, त्याच शाईने. विहिरीला पाणी आहे, गडगा ढासळला आहे, हे असतेच. 'योग्य मोबदला' काढून टाकले आहे. त्या जागी आता असे असते : आम्हाला उत्तर देण्याआधी आणखी दोघांना भाव विचारावा, आणि शक्य झाल्यास एकदा स्वतः येऊन वाडी पाहून जावी.

काहीजण खरेच येतात. वाडी पाहतात, विहिरीत डोकावतात, आणि न विकता परत जातात. त्या दिवशी आमची मोटारसायकलच्या पेट्रोलचीही भरपाई होत नाही.